पाच पट्ट्यांचे वऱ्हाड

चिखलदऱ्याच्या पठारावर पडणारा पाऊस कुठे जातो हे समजले की अर्धे वऱ्हाड समजते. पठाराच्या उत्तर अंगाला पडलेले पाणी सिपनेसारख्या नद्यांतून तापीला मिळते. दक्षिण अंगाचे पाणी शहानूर, चंद्रभागा या नद्यांतून मैदानात उतरते आणि पूर्णेत जाते. तापी आणि पूर्णा गाविलगडच्या डोंगराला दोन बाजूंनी वळसा घालत पश्चिमेकडे वाहतात आणि जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेवजवळ एकमेकींना भेटतात. तिथून पुढे हे सगळे पाणी सुरतेकडून अरबी समुद्रात जाते.

अमरावती जिल्ह्याच्या पूर्व कडेची गोष्ट वेगळी. वरूड, मोर्शी, तिवसा या तालुक्यांचे पाणी वर्धा नदीला मिळते. वर्धेचे पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोचते. म्हणजे एकाच जिल्ह्यातून दोन समुद्रांकडे पाणी वाहते. अमरावती शहराला पिण्याचे पाणी मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धेवर बांधलेल्या अप्पर वर्धा धरणातून येते, पण शहराचे सांडपाणी अंबा नाल्यातून पेढी नदीकडे आणि पेढीतून पूर्णेकडे उतरते. पूर्वेच्या समुद्राकडे निघालेले पाणी अमरावतीकर पितात आणि पश्चिमेच्या समुद्राकडे सोडतात.

अमरावती जिल्हा १२ हजार चौरस किलोमीटरांहून थोडा मोठा, १४ तालुक्यांचा. अकोला साडेपाच हजार चौरस किलोमीटरांच्या आतला, सात तालुक्यांचा. १ जुलै १९९८ रोजी वाशीम वेगळा होईपर्यंत तो याहून बराच मोठा होता. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे २८ लाख ८८ हजार आणि अकोल्याची सुमारे १८ लाख १४ हजार भरली. हे आकडे प्रशासनाच्या कामाचे आहेत. पण जिल्ह्याची आणि तालुक्याची हद्द कचेरीत ठरते. कोणत्या वावरात काय पिकेल, विहिरीला कसले पाणी लागेल, धरण कुठे होईल आणि कोणते गाव उन्हाळ्यात टँकरची वाट पाहील, हे जमिनीचा उतार आणि तिच्या पोटातले थर ठरवतात. वऱ्हाडचे बरेचसे प्रश्न या दोन नकाशांचा मेळ न बसल्यामुळे चिघळले आहेत.

उत्तरेकडून दक्षिणेकडे

जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडचे दोन भाग येतात : घाटाखालचा तो पयानघाट आणि घाटावरचा तो बालाघाट. उत्तरेचा डोंगराळ मुलूख तो मेळघाट. ही विभागणी महसुलाच्या सोयीसाठी होती, तरी ती करणाऱ्यांना जमीन नीट कळलेली होती. आजच्या माहितीच्या आधारे तिच्यात थोडी भर घातली तर पाच पट्टे दिसतात. उत्तरेला मेळघाटचे डोंगर. त्यांच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या गाळाची अरुंद बागायती पट्टी. तिच्या दक्षिणेला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. त्यापुढे गोड्या पाण्याची काळी जमीन, जिच्यावर अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही रेल्वेवरची गावे वसली. आणि शेवटी दक्षिणेला बालाघाटची चढण, जिच्यावर पातूर आणि बार्शीटाकळीचे तालुके आहेत. अमरावतीच्या पूर्वेला वर्धेकडे उतरणारी जमीन या रांगेच्या बाहेर पडते. तिचा विचार वेगळा करावा लागतो.

अकोटच्या उत्तरेला नरनाळ्याच्या किल्ल्यावरून दक्षिणेकडे पाहिले की यातले चार पट्टे एका नजरेत येतात. पाठीशी जंगल, पायाशी संत्र्याच्या आणि केळीच्या बागा, पुढे क्षितिजापर्यंत सपाट काळे रान आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्याही पलीकडे बालाघाटची निळसर रेघ.

खचलेली दरी

या रचनेचे मूळ फार जुने आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांचा काळा बेसाल्ट तयार झाला. वऱ्हाडचा बहुतेक भाग या खडकावर उभा आहे. लाव्हाच्या आधीचे जग इथे क्वचितच उघडे पडते. मोर्शी तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेवर असलेले सालबर्डी ही त्यातली एक जागा. महादेवाच्या गुहेसाठी आणि गरम पाण्याच्या झऱ्यासाठी लोक तिथे जातात. भूशास्त्रज्ञ जातात ते बेसाल्टच्या खालचे जुने थर पाहायला. त्या थरांत डायनोसॉरांचे जीवाश्म सापडले आहेत.

लाव्हा थंड झाल्यानंतरच्या काळात सातपुड्याच्या दक्षिण कडेने जमिनीला मोठा भ्रंश पडला. भ्रंशाच्या उत्तरेचा भाग उचलला गेला, दक्षिणेचा खाली बसला. म्हणूनच मेळघाटचा डोंगर दक्षिणेकडून भिंतीसारखा उभा दिसतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना तीसेक किलोमीटरांच्या रस्त्यात सातशे मीटरांच्या आसपास चढावे लागते, ती चढण या भ्रंशाची. खाली बसलेला भाग म्हणजे पूर्णेचे खोरे. नर्मदा आणि तापी ज्या प्रकारच्या खचदऱ्यांतून वाहतात, त्याच कुळातली ही दरी.

पूर्णा उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या भैंसदेहीजवळ. ती आणि तिला दोन्ही डोंगरांतून मिळणाऱ्या नद्या लाखो वर्षे या खोलगट भागात गाळ आणून टाकत राहिल्या. काही ठिकाणी हा गाळ शेकडो मीटर खोल आहे. पयानघाटाच्या मध्यभागात विहीर कितीही खणली तरी दगड लागत नाही, त्याचे कारण हेच. घर बांधायला दगड नाही म्हणून इथली जुनी गावे पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची, धाब्याच्या छपरांची. गावोगावच्या देशमुखांच्या गढ्यासुद्धा याच मातीच्या. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा त्या भिंतींच्या आड दुपार निभावते.

मेळघाट

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे. मैदानात वर्षाला साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. इथे त्याच्या दुपटीच्या जवळपास. विदर्भात कॉफी पिकते ती फक्त या पठारावर. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत सागाचे विस्तीर्ण जंगल आहे, आणि १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यात मेळघाट होता.

या जंगलात मुख्यतः कोरकू राहतात. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली नाही, गोंडीसारखी द्रविडही नाही. ती मुंडा गटातली, म्हणजे संथाळी आणि मुंडारीची नातेवाईक. आणखी लांबचे नाते काढले तर कंबोडियाच्या ख्मेरशी. ऑस्ट्रोएशियाई भाषाकुळाचे सगळ्यात पश्चिमेचे टोक म्हणजे कोरकू. व्हिएतनामपासून पसरलेल्या भाषाकुळाची पश्चिमेच्या टोकाची भाषा अमरावती जिल्ह्यात बोलली जाते, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवी.

भरपूर पाऊस पडूनही मेळघाटात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खालचा बेसाल्ट घट्ट. पाणी मुरायला जागा नाही. पावसाळ्यात फुगलेले नाले हिवाळा सरता सरता कोरडे पडतात. दुसरे पीक घेता येत नाही, म्हणून सुगीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे मैदानात किंवा शहरांत कामाला जातात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. या ये-जा करण्यात लहान मुलांचे आहार, लस आणि शाळा सुटतात. १९९३ पासून मेळघाटच्या कुपोषणाच्या बातम्या राज्यभर पोचल्या. त्यामागे गरिबी आहेच, पण तिच्याइतकाच हा भूगोलही आहे : दूर पसरलेली गावे, पावसात तुटणारे रस्ते, पाणी न धरणारी जमीन. बैरागडसारख्या दुर्गम गावी राहून डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आरोग्यसेवेबरोबर शेतीतही लक्ष घातले, ते हे नाते ओळखून. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातली काही गावे खाली मैदानात आणली गेली. बोरी, कोहा आणि कुंड ही त्यातली सुरुवातीची गावे. ती अकोट तालुक्यात वसवली गेली. मोहाच्या झाडाखाली वाढलेल्या माणसाला कपाशीच्या वावरात आणून सोडणे हे केवळ पत्ता बदलणे नाही. जंगलातले अन्न, औषध, सरपण आणि सण सगळे एकदम मागे राहते. वाघ वाचायला हवा हे खरे आणि या माणसांचे पुनर्वसन मनापासून व्हायला हवे हेही तितकेच खरे.

याच डोंगराच्या कडेवर गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले आहेत. मैदानातला सारा आणि उत्तरेकडचे घाट या दोन्हींवर नजर ठेवायला याहून चांगली जागा नव्हती. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधला. पुढे अचलपूरची इमादशाही, मोगल, निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या राजकारणात हे किल्ले हातोहात फिरले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेल्हारा तालुक्यातल्या अडगावच्या मैदानात भोसल्यांचा पराभव झाला आणि १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. दक्षिणेच्या सरळ कड्यावरून किल्ला पडणार नाही हे ओळखून इंग्रजांनी तोफा डोंगरातून फिरवून उत्तरेकडे नेल्या होत्या. भ्रंशाची भिंत दक्षिणेलाच उभी आहे, उत्तरेला पठार आहे. किल्ल्याची ताकद आणि त्याचा कमकुवतपणा दोन्ही तिथूनच आले.

पायथ्याची बागायत

डोंगरातून सुसाट आलेली नदी मैदानात शिरताच मंदावते आणि आधी जड दगडगोटे, मग वाळू टाकते. हजारो वर्षे असे होत राहिल्याने सातपुड्याच्या पायथ्याशी वरूडपासून तेल्हाऱ्याकडे जाडाभरड्या गाळाची पट्टी तयार झाली आहे. तिच्यातून पाणी भरभर झिरपते आणि खोलवर साठते. पाणी गोडे आहे, फक्त खोल आहे. अंजनगाव सुर्जी आणि अकोटकडचे पानमळे, केळी, संत्र्याच्या बागा या पाण्यावर उभ्या आहेत. याच भागातला बारी समाज पिढ्यान्‌पिढ्या पानवेलीबरोबर पानपिंपरीही लावत आला. औषधी बाजारात जाणारे हे पीक देशात फार थोड्या ठिकाणी घेतले जाते.

पण ही पट्टी आता थकली आहे. बोअर दरवर्षी आणखी खोल जातात. पायथ्याची ही जमीन म्हणजे खालच्या मैदानाचा रांजण. तो भरायची व्यवस्था न करता नुसता उपसत राहिलो तर बागाही जातील. तापीच्या पुराचे पाणी या भरड गाळात सोडून मुरवायची महाकाय पुनर्भरण योजना अनेक वर्षे चर्चेत होती. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिच्यासाठी करार केला. ती किती आणि कशी होते हे पुढे दिसेल, पण तिचा पाया भूगोलात पक्का आहे : पाणी जिथे मुरू शकते तिथेच ते मुरवायचे.

खारपाणपट्टा

पायथ्याची पट्टी ओलांडून दक्षिणेला गेले की काही किलोमीटरांत विहिरीच्या पाण्याची चव बदलते. इथून पूर्णेच्या दोन्ही काठांवर पसरतो तो खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्यात नऊशेच्या आसपास गावे येतात. भातकुली, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांचे कमी-अधिक भाग त्यात आहेत.

इथे पूर्वी समुद्र होता, असे गावोगाव सांगितले जाते. भूशास्त्राला ते मान्य नाही. पूर्णेच्या गाळात जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांचे अवशेष सापडले आहेत. गाळ नद्यांचा आहे. खारेपणाचे कारण दरीच्या आकारात आणि हवामानात आहे. दोन्ही बाजूंच्या डोंगरांतला बेसाल्ट झिजताना त्यातले सोडियमसारखे क्षार पाण्यात उतरतात. हे पाणी खोऱ्याच्या मध्यभागी येते, तेव्हा जमीन इतकी सपाट आणि माती इतकी चिकण असते की ते पुढे सरकतच नाही. वर तापलेले ऊन. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षे चालले.

क्षारांचा दुसरा परिणाम मातीवर होतो. सोडियम जास्त झाला की चिकणमातीचे कण सुटे होतात, ओलीत फुगतात आणि मातीतली छिद्रे बुजवतात. अशा चोपण जमिनीवर पाणी साचते, आत मुरत नाही. सुकली की ती दगडासारखी टणक होते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. विहिरीचे पाणी पिकाला दिले तर जमीन आणखी बिघडते. म्हणून इथला शेतकरी विहिरीच्या शेजारी उभा राहूनही कोरडवाहू आहे. खरिपात कपाशी, तूर, मूग आणि परतीच्या पावसाची ओल राहिली तर रब्बीत हरभरा, एवढेच त्याचे बळ.

या पाण्याचा इतिहासही आहे. अकोला तालुक्यातल्या दहीहांड्याच्या परिसरात पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई. इंग्रजी अमलात ते बंद पडले. १९३० च्या एप्रिलमध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला तेव्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडात लोकांनी दहीहांड्याला जाऊन याच विहिरींच्या पाण्याचे मीठ केले आणि कायदा मोडला. ज्या पाण्याने गावे पिडली होती, त्याच पाण्याने त्यांना दांडीशी जोडले.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र सुटायला फार वेळ लागला. खाऱ्या पाण्याने डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या गावांतून वर्षानुवर्षे येत आहेत. अशा गावांत मुलगी द्यायला लोक कचरत. आज शहानूर आणि वान या सातपुड्यातल्या धरणांतून, तसेच दक्षिणेच्या काटेपूर्णेतून नळयोजनांचे पाणी अनेक गावांत पोचते. पण नळ शेवटच्या टोकापर्यंत रोज येत नाही आणि जिथे तो येत नाही तिथे लोक आजही हापश्यावर जातात. या पट्ट्यात गोड्या पाण्याची नळयोजना ही इतर गावांसारखी सोय नाही. ती आरोग्यसेवा आहे आणि तिचा हिशेब तसाच ठेवला पाहिजे.

शेतीचे उत्तरही या जमिनीतूनच शोधावे लागेल. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे. जिप्सम टाकले की त्यातले कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेते, सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर बाहेर जातो आणि माती पुन्हा पाणी घेऊ लागते. उताराला आडवी पेरणी, सरी-वरंबे आणि शेततळी हे दुसरे उपाय. पाणी न झिरपणे हा इथल्या मातीचा दोष आहे, पण शेततळ्याच्या बाबतीत तोच गुण ठरतो : पावसाचे गोडे पाणी तळ्यात टिकते आणि ऑक्टोबरात कपाशीला किंवा हरभऱ्याला एक-दोन पाणी देता येते. कोरडवाहू पिकाच्या आयुष्यात ते एक पाणी फार मोठे असते. पूर्णेवर घुंगशी आणि नेरधामणा इथे बॅरेज बांधले आहेत. नदीत अडवलेले पावसाळी पाणी या शेतांना देताना निचऱ्याची चरे आधी काढली पाहिजेत. नाहीतर पाटाच्या पाण्याने खालचे क्षार वर येतील आणि चांगल्या हेतूने नेलेल्या पाण्याने जमीन नासेल.

कापूस, रेल्वे आणि बाजार

खारपाणपट्ट्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला गोड्या पाण्याची भारी काळी जमीन आहे. बेसाल्टपासून झालेली ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि ती ओल जानेवारीपर्यंत धरून ठेवते. खोल मुळांच्या देशी कपाशीला हे मानवले. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असे लोक म्हणत ते या जमिनीमुळे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. निमित्त होते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चाचे, पण इंग्रजांची नजर कापसावरही होती. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव भडकले. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीकडचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने विकला जाऊ लागला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पूर्ण झाला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या शाखामार्गाच्या उद्घाटनाला स्वतः आला.

रेल्वेने वऱ्हाडचा मानवी नकाशा बदलला. मार्ग सपाट काळ्या जमिनीवरून गेला. मेळघाटच्या पायथ्याचे अचलपूर बाजूला पडले. शतकानुशतके वऱ्हाडची राजधानी असलेले ते शहर मागे सरले आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा पुढे आली. अमरावतीला मुख्य मार्ग शिवला नाही, पण बडनेऱ्याहून शाखा आली. १९०५ मध्ये अचलपूरचा स्वतंत्र जिल्हाही अमरावतीत विलीन झाला. स्टेशनांच्या आसपास जिन आणि प्रेस उभे राहिले, त्यांच्याभोवती अडते, दलाल, हमाल आणि सरकीच्या तेलाचे कारखाने जमले. मूर्तिजापूरहून यवतमाळला १९०३ मध्ये आणि अचलपूरला १९१३ मध्ये नॅरोगेज गाड्या सुरू झाल्या. कापूस मुख्य मार्गावर आणायचे हे त्यांचे काम. लोकांनी या गाडीला शकुंतला म्हटले आणि जीव लावला. ती गाडी आज बंद आहे, आणि तिच्या मार्गावरच्या गावांना ब्रॉडगेजची प्रतीक्षा आहे.

बाजाराचे नियम करण्यातही वऱ्हाड पुढे होते. कारंजाचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमनाखाली आला. देशातला तो पहिला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला आणि पुढे देशभरच्या बाजार समित्यांनी त्याचाच धडा गिरवला.

पण एका पिकावर टेकलेल्या मुलखाचे दुखणेही तेव्हाच सुरू झाले. १८९९-१९०० च्या छपन्याच्या दुष्काळाने कापसाच्या पैशाला पोट भरता येत नाही हे दाखवले. शंभर वर्षांनी तीच गोष्ट वेगळ्या रूपात आली. बीटी कपाशी २००२ मध्ये आली, बियाण्याचा आणि फवारणीचा खर्च वाढला, पाऊस मात्र बेभरवशाचाच राहिला. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने उभी पऱ्हाटी फस्त केली. आज बऱ्याच वावरांत कापसाच्या जागी सोयाबीन आले आहे आणि त्याचाही जीव पावसावरच टांगलेला आहे. तुरीने मात्र साथ दिली. अकोला हे डाळमिलचे मोठे केंद्र झाले ते आसपासच्या याच काळ्या रानांच्या जोरावर.

वर्धेचा काठ आणि बालाघाट

पूर्वेला वरूड आणि मोर्शी हे संत्र्याचे तालुके. इथला संत्रा बागायतदार आंबिया आणि मृग या दोन बहरांच्या भाषेत वर्ष मोजतो. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतून जंभेरीच्या खुंटावर बांधलेली संत्र्याची कलमे दूरदूर जातात. पण संत्र्याला बारा महिने पाणी लागते. विहिरी आटल्या, मग बोअर आले, मग बोअरही आटले. वरूड आणि मोर्शी भूजलाच्या अतिउपशाचे तालुके ठरले. खारपाणपट्ट्यात पाणी आहे पण चालत नाही. इथे चालते पण उरत नाही.

दक्षिणेला बालाघाटावर जमीन हलकी, मुरमाड आणि उताराची आहे. काटेपूर्णा, मोर्णा, निर्गुणा, मन या नद्या तिथून उत्तरेकडे पूर्णेला येतात. मैदान सपाट असल्याने मोठ्या धरणाला तिथे जागा नाही. म्हणून पूर्णा खोऱ्यातली धरणे दोन्ही कडांवर आहेत. उत्तरेला शहानूर, वान, चंद्रभागा, सापन. दक्षिणेला महानचे काटेपूर्णा धरण, मोर्णा, निर्गुणा. अकोल्याची तहान काटेपूर्णेवर भागते. कडेच्या डोंगरांवरचे जंगल तुटले की ही धरणे गाळाने भरतात, म्हणून मेळघाटच्या सागाचा संबंध दर्यापूरच्या नळाशी आहे.

या मातीतली माणसे

दोन समुद्रांच्या पाणलोटावरच्या या मुलखाने मराठीला फार दिले. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू राहिले आणि तेराव्या शतकात तिथेच म्हाइंभटांनी मराठीतला आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ सिद्ध केला. मराठी भाषेचे विद्यापीठ अलीकडे रिद्धपुरात सुरू झाले, हे योग्यच झाले. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी पूर्णाकाठच्या ऋणमोचनला घाट बांधून आपल्या कामाला सुरुवात केली. स्वच्छ पाणी, स्वच्छ गाव आणि शाळा हे त्यांच्या कीर्तनाचे विषय होते, आणि ज्या काठावर त्यांनी झाडू हातात घेतला तो खारपाणपट्ट्याचा काठ होता. पापळ गावच्या शेतकरी कुटुंबातले पंजाबराव देशमुख पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शेतकऱ्याच्या मुलाला शाळेची वाट मोकळी करून दिली.

पट्ट्यांप्रमाणे विचार

२००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांचे पॅकेज जाहीर केले. त्यात अमरावती आणि अकोला होते. मदत गरजेची होती. पण तिचे एकक जिल्हा होते. धारणीचा कोरकू शेतकरी, अंजनगावचा पानमळेवाला, दर्यापूरचा खारपाणपट्ट्यातला कोरडवाहू कास्तकार आणि वरूडचा संत्रा बागायतदार हे चौघे एकाच जिल्ह्यात राहतात, पण त्यांची दुखणी एक नाहीत. धारणीला उतारावर पाणी अडवणारे छोटे बांध आणि बारमाही रोजगार हवा. अंजनगाव-अकोटला पुनर्भरण हवे. दर्यापूरला गोड्या पाण्याचा नळ, जिप्सम, निचरा आणि शेततळे हवे. वरूडला उपशावर एकमताने घातलेली मर्यादा आणि ठिबक हवे. विहिरीसाठीचे एकच अनुदान चौघांना दिले तर एकाच्या वावरात ते सोने होते, दुसऱ्याच्या वावरात जमीन बिघडवते आणि तिसऱ्याकडे ते कोरड्या खड्ड्यात जाते.

जमिनीप्रमाणे आखणी करणे शक्य आहे हेही सिद्ध झाले आहे. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साह्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची गावे वेगळी धरली गेली आणि त्यांच्यासाठी शेततळ्यांसारखी कामे वेगळी आखली गेली. हाच विचार अपवाद न राहता नियम व्हायला हवा. जिल्हा नियोजनाच्या प्रत्येक आराखड्यात पहिला नकाशा पाण्याचा आणि मातीचा असावा, तालुक्यांच्या हद्दी त्याच्यावर नंतर काढाव्यात. ग्रामसभेनेही आपले गाव कोणत्या पट्ट्यात येते, पाणी कोणत्या नदीकडे जाते आणि विहिरीच्या पाण्यात क्षार किती, हे लिहून ठेवावे. पाण्याची तपासणी महागडी नाही आणि तिच्याशिवाय घेतलेला कोणताही निर्णय अंदाजाचा असतो.

वऱ्हाडला निसर्गाने कमी दिले असे म्हणता येत नाही. डोंगर, जंगल, भरड गाळाचा भूजलसाठा, देशातल्या उत्तम मातींपैकी एक आणि दोन मोठ्या खोऱ्यांचे पाणी, हे सगळे इथे शंभर-सव्वाशे किलोमीटरांत आहे. त्यातले काय कुठे आहे हे नीट ओळखून पैसा आणि श्रम लावले, तर पाचही पट्टे एकमेकांना सांभाळतील. डोंगर पाणी धरेल, पायथा ते मुरवेल, खारे मैदान गोडे पाणी जपून वापरेल आणि काळी जमीन पुन्हा कास्तकाराचे घर चालवेल. त्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान अकोल्याच्या विद्यापीठात आणि इथल्या शेतकऱ्यांच्या अनुभवात तयार आहे. ते आराखड्यांत उतरवणे हे आता आपल्या पिढीचे काम आहे.